दिवा देवापुढं, मशीनला वारा

देवरेभाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, काळ्या टेपची गुंडाळी असते. वायरीच्या जोडावर गुंडाळतात ना, तीच. भाऊ आमच्याकडे चहाला आले की आधी दारात उभं राहून सगळ्या खोलीवर नजर फिरवतात. मग टीव्हीजवळ जातात, नखाएवढा तुकडा दातानं तोडतात आणि टीव्हीच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर चिकटवतात. मग सेट-टॉप बॉक्सची पाळी. मग वायफायच्या डब्याची. एवढं झालं की सोफ्यावर टेकतात, पाय पसरतात आणि म्हणतात, "हां. आता घरात आल्यासारखं वाटलं."

आता आमच्या घरात काहीही लुकलुकत नाही. वॉशिंग मशीन चालू आहे की बंद, हे माझी बायको सुनंदा मशीनला कान लावून ठरवते. पाण्याच्या फिल्टरवर 'मला बदला' असं सांगणारा एक दिवा होता. तो भाऊंनी झाकला आणि मग आम्ही सगळे पोट धरून डॉक्टरकडे गेलो. पण कहर झाला तो लिफ्टमध्ये. लिफ्टमधला मजल्याचा आकडा भाऊंच्या डोळ्यांवर आला म्हणून त्यांनी त्यावर टेप मारली. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका चौथ्या मजल्यावरच्या घरात शिरले, चप्पल काढली, पंखा लावला आणि "चहा टाक गं" म्हणून पेपर उघडून बसले. त्या घरातल्या बाईंनी चहा टाकलाही. त्यांना वाटलं, सोसायटीची वर्गणी मागायला आलेत.

माझी पंचाईत जरा वेगळी आहे. सातपूरला माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब, ट्यूब, गणपती-दिवाळीच्या माळा, यांवर माझं घर चालतं. आणि माझं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक कोण, तर जगातले दिवे झाकत फिरणारा हा माणूस. टेप मीच त्याला विकतो. चोराच्या हाती किल्ली देऊन वर पिशवीही द्यावी, तसलाच हा प्रकार.

भाऊ मूळचे नामपूरचे. ऐन तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले, ते अजून तिथंच आहेत. बोलतात चारचौघांसारखं, पण राग आला किंवा जीव कळवळला की गाडी अहिराणीवर जाते. अंगानं आडवे, मिशा जाड, पन्नाशी उलटलेली. आता यांच्याबद्दल खरं सांगायचं ते सांगतो. भाऊ गेमर आहेत.

मोबाइलवर रंगीत गोट्या फोडत बसतात तसले नव्हेत. कॉम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून, पाठीला उशी घेऊन, लढाईचा गेम खेळणारे. पहिल्या पाळीवरून घरी आले, आंघोळ केली, चहा घेतला की बसलेच. आमची भिंत एकच. संध्याकाळी आम्ही चहा पीत असतो आणि पलीकडून आवाज येतो, "अरे बाबा, जिन्यानं नको येऊ! मागल्या दारानं ये, मागल्या दारानं!" मग निर्मलावहिनींचा आवाज, "ते लढाईवर गेलेत. दूध आणायला आता मलाच जावं लागणार."

खेळण्याची तऱ्हाही भाऊंचीच. बाकीचे लोक शत्रूला गोळ्या घालतात, भाऊ आधी बल्बला घालतात. गेममधल्या घरात शिरले की सगळे दिवे फोडायचे, अंधार करायचा आणि मग कोपऱ्यात दबा धरून बसायचं. त्यांच्या टीममध्ये कुठकुठली मुलं आहेत, कोणी इंदूरचा, कोणी नागपूरचा. ती बिचारी ओरडतात, "अंकल, दुश्मन सामने है!" आणि भाऊ शांतपणे सांगतात, "रुक बेटा, पहले वो ट्यूबलाइट." गेममधलं त्यांचं नावही 'अंधार' असं आहे. आश्चर्य म्हणजे, त्यांची टीम बऱ्याचदा जिंकते.

या सगळ्यात भाऊंचा एकच मोठा वैरी होता. गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये हल्ली जे दिवे येतात ते. तुम्ही पाहिले असतील. काचेचा डबा, आत पंखे, पंख्यांना लाल-हिरवे-निळे दिवे, आणि ते सतत रंग बदलत पळतात. भाऊंचा सिद्धांत असा, की हे गेमरला आवडतच नाही, गेमरच्या नावावर खपवलं जातं. मला म्हणतात, "खेळणाऱ्याची नजर पडद्यावर पाहिजे ना नाना? डब्याकडं बघत बसला तो खेळत नाय, तो दाखवतो." आणि मग बोट वर करून शेवटचं वाक्य, "दिवा देवापुढं, मशीनला वारा!"

दोन वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर बसला, तेव्हा नवा घ्यायला भाऊ मला बरोबर घेऊन गेले. दिव्यांतलं मला कळतं, या समजुतीनं. दुकानात शिरलो आणि मला एकदम देखाव्याच्या मंडपात आल्यासारखं वाटलं. सगळ्या भिंतींवर डबे झगमगत होते. भाऊंनी डोळे बारीक केले.

"बिनदिव्याचा दाखवा."

"काका, बिनदिव्याचा ऑफिसवाले घेतात," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला गेमिंगला पाहिजे ना? हा बघा, सहा पंखे, सगळे लाइटवाले. फुल परफॉर्मन्स."

"लाइट लावल्यानं परफॉर्मन्स वाढतो?"

"लुक येतो ना काका."

"आमच्या नामपूरला मार्केटात कांद्याच्या ट्रॅक्टरला लोकं लायटिंग करतात," भाऊ म्हणाले. "त्यानं कांद्याला भाव येतो का?"

भाऊंना एवढ्यावर थांबता आलं असतं, पण ते थांबले नाहीत. दुकानात तीन-चार तरुण गिऱ्हाइकं होती, त्यांची भाऊंनी जागच्या जागी चौकशी सुरू केली. "तू खेळतो ना? खरं सांग, हे लुकलुक आवडतं?" पहिला म्हणाला, "आवडत नाही, पण चांगलं सामान घ्यायला गेलं की दिवे बरोबर येतातच." दुसरा म्हणाला, "मला आवडतात, मी खोलीतला मोठा लाइट बंद करून नुसता बघत बसतो." तिसरा बराच वेळ खाली बघून म्हणाला, "माझ्या मम्मीला आवडतात. तिला वाटतं मी काहीतरी मोठं काम करतोय." भाऊंनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. एकानं नको म्हटलं, एकाच्या आईला पाहिजे, म्हणजे निकाल आपल्याच बाजूनं, असा त्यांचा हिशेब. शेवटी दिव्यांचाच डबा घरी आला, कारण दुसरा नव्हताच. घरी आल्या आल्या भाऊंनी पंखे काढून साधे बसवले आणि काचेला आतून काळा कागद लावला. डबा सुतकात असल्यासारखा दिसायला लागला.

घरात त्यांच्या विरुद्ध पक्षात एकच माणूस होतं, त्यांची मुलगी ऋतुजा. ऋतूला लहानपणापासून बापाच्या शेजारी स्टुलावर बसून गेम बघायची सवय. पुढे तिलाही दुसरा कॉम्प्युटर आला आणि बापलेक एका टीममध्ये लढू लागले. भाऊ दिवे फोडायचे, ऋतू माणसं. तिचा डबा मात्र झगमगायचा. त्यावरून रोज वाद. "पप्पा, तुम्हाला काही हौसच नाही." "हौस शे ना, खेळण्याची शे." भिंतीपलीकडून हे ऐकताना आम्हाला टीव्ही लावावासा वाटत नसे. खरं सांगतो, त्या दोघांचं एकमेकांशी जे काही बोलणं होतं, ते सगळं त्या खेळातच होतं. एरवी भाऊ तिला "जेवली का" याच्या पुढे काही विचारत नसत, आणि तीही "हो" याच्या पुढे काही सांगत नसे. पण खेळायला बसले की तासभर तोंड बंद नाही.

ऋतू इंजिनिअर झाली, तिला पुण्यात नोकरी लागली. कॉम्प्युटर बरोबर घेऊन गेली. रोज संध्याकाळी ती तिकडून आणि भाऊ इकडून, पण लढाई एकच. आमच्या भिंतीला फरक कळला नाही.

पहिला पगार झाल्यावर ऋतू घरी आली ती बापासाठी कीबोर्ड घेऊन. भारीतला. प्रत्येक बटणाखाली दिवा, आणि इंद्रधनुष्य या टोकाकडून त्या टोकाकडे वाहत जाणार. भाऊंनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, बटणं दाबून पाहिली. "लय भारी हाय," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं असं वहिनी सांगतात. भाऊ सांगतात, दिव्यांमुळे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतू उठली, तर भाऊ टेबलाशी बसलेले. हातात कात्री, समोर टेप. प्रत्येक बटणावर मापात कापलेला काळा चौकोन चिकटवलेला. एकही वाकडा नाही, कुठे सुरकुती नाही. कारखान्यातही एवढं सफाईदार काम त्यांनी केलं नसेल. अक्षरं झाकली गेली म्हणून लागतात तेवढ्या बटणांवर व्हाइटनरनं खुणा केलेल्या. पुढे जायच्या बटणावर 'पु', मागे यायच्या बटणावर 'मा', आणि गोळीच्या बटणावर 'गो'.

"बघ," भाऊ खुशीत म्हणाले, "आता कसा बिनदोष झाला."

ऋतूनं चहा घेतला, पिशवी भरली आणि दुपारची पुण्याची गाडी पकडली. त्या संध्याकाळी ती खेळायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईला फोन यायचे, त्यात "पप्पा कुठे आहेत" एवढंच नसायचं. आखाजीला येणार का, असं वहिनींनी विचारलं, तर "सुट्टीचं बघते" म्हणाली. आता, नामपूरकडच्या माणसाला तुम्ही दिवाळीला येऊ नका म्हणा, चालतं. पण आखाजीला लेक माहेरी आली नाही, तर घरात सण होत नाही. अक्षय्य तृतीयेला लेकी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आमरस होतो. ऋतूचं अजून लग्न व्हायचंय, पण पुण्याला गेल्यापासून भाऊंच्या लेखी ती माहेरवाशीणच.

भाऊंना मात्र बरेच दिवस काही कळलंच नाही. नोकरीत काम असेल, म्हणाले. इंदूर-नागपूरवाल्यांबरोबर दिवे फोडत राहिले. पण हळूहळू भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला, आणि एका संध्याकाळी अजिबात आला नाही. सुनंदा म्हणाली, "जाऊन बघा हो, मला करमत नाहीये." मी गेलो. भाऊ बंद कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"आज लढाई नाही?"

"नाय."

मी खुर्ची ओढून बसलो. भाऊ बोलू लागले. "नाना, आमच्या लाइनीवर दिवा कवा लागतो माहितीय? मशीन बिघडलं की. लाल लुकलुकला की पळायचं. जेवत असलो तरी पळायचं. सारी उमर तेच केलं. म्हणून मला घरात दिवा लुकलुकला की बसवत नाय, वाटतं कुठंतरी काहीतरी मोडलंय. मशीन गप असलं म्हणजे ठीक चाललंय, एवढंच मला कळतं." मग त्यांनी तो काळा कीबोर्ड जरासा पुढे ढकलला. "मनी आंडेर गप व्हयनी नाना. मी समजलो, ठीक चालू शे."

आंडेर म्हणजे लेक. जाड मिशांचा तो माणूस असा बसलेला मला बघवेना. मी म्हटलं, "भाऊ, फोन करा आणि सॉरी म्हणून टाका."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना नाचायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर भाऊ दारात. मी सवयीनं टेपच्या खोक्याकडे हात नेला. "टेप नको," भाऊ हळूच म्हणाले. "टेपचा चिकटा कशानं निघतो?" मी म्हटलं, थिनर लावू नका, बटणांवरची अक्षरं जातील, खोबरेल तेलानं बघा. झालं. पुढचे काही दिवस भाऊ कान कोरायच्या कापसाच्या काड्या घेऊन त्या कीबोर्डची चंपी करत होते. घरभर पार्लरसारखा वास. कीबोर्ड स्वच्छ निघाला, पण इतका तुळतुळीत, की 'पुढे' दाबायला गेलं की बोट घसरून 'गोळी'वर जायचं, आणि टीमचे दोघे भाऊंच्याच हातून शहीद झाले.

पण अर्धवट काम करणं भाऊंच्या स्वभावात नाही. काढून ठेवलेले पंखे कपाटावरून उतरवले, डब्यात परत बसवले, काळा कागद फाडला. एवढ्यानंही समाधान होईना. माझ्या दुकानात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "माळ दाखव." टेबलाच्या कडेनं चिकटवायची रंगीत दिव्यांची पट्टी घेऊन गेले. मी दुकानात एकटाच हसत होतो.

त्या संध्याकाळी भाऊंची खिडकी पेटली आणि खाली गर्दी जमली. कोणी म्हणालं, वहिनींनी ब्यूटी पार्लर काढलं. जोशीकाकांना वाटलं, देवरे वारले की काय, त्यांच्या हयातीत हे होणं शक्य नाही. सेक्रेटरी वर जाऊन म्हणाले, "देवरे, मंडळ काढलंय का? मग सोसायटीची परवानगी लागेल." आणि आत भाऊ काय अवस्थेत होते? दिव्यांनी डोळे दिपतात, पण विझवायचे तर नाहीत, म्हणून त्यांनी कारखान्यातला वेल्डिंगचा काळा गॉगल लावला होता. त्या सगळ्या इंद्रधनुष्याच्या मध्यभागी तो गॉगल लावून, मिशा फेंदारून ते लढत होते. त्यांना पडद्यावरचं काहीही दिसत नव्हतं. गेममधलं घर दिव्यांनी उजळलेलं होतं आणि त्यांनी त्यातला एकही फोडला नाही. टीमवाले विचारत होते, "अंकल, तबियत ठीक है ना?"

वहिनींनी गुपचूप त्यांचा फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. पलीकडूनही काही आलं नाही. भाऊंनी गॅलरीत झोक्याला दोर बांधला आणि उगाच तीन-तीनदा ओढून बघत राहिले.

आखाजीच्या दिवशी सकाळी आम्हाला सांजोऱ्या खायचं बोलावणं होतं. आम्ही बसलोच होतो आणि दार वाजलं. ऋतू. पाठीवर पिशवी. ती आत आली, आईकडे बघितलं नाही, आमच्याकडे बघितलं नाही, सरळ टेबलाकडे गेली. सगळं पेटलेलं होतं, सकाळीसुद्धा. भाऊ उभे राहिले. गॉगल गळ्यात लोंबत होता.

"पप्पा," ऋतू म्हणाली, "हे काय करून ठेवलंय?"

"तुले आवडस ना," भाऊ म्हणाले.

ऋतू आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. भाऊ तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते "जेवली का, जेवली का" करत होते. सकाळचे नऊ वाजले होते.

जरा वेळानं डोळे पुसून ती खुर्चीवर बसली. "पप्पा, कीबोर्डबरोबर माहितीचा कागद आला होता, तो वाचलात?"

"कागद कोण वाचतो?"

तिनं कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबली. सगळा कीबोर्ड काळा झाला. पुन्हा दाबली, इंद्रधनुष्य हजर. "हे एवढं होतं," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी मुद्दाम दिवे विझवता येतील असाच बघून घेतला होता. दुसऱ्या दिवशी खेळायला बसल्यावर दाखवणार होते. तोवर तुम्ही कात्री घेऊन बसलात."

भाऊ पुढे झाले. त्यांनी जाड बोटांनी ती दोन बटणं दाबली. अंधार. पुन्हा दाबली, उजेड. असं बराच वेळ चाललं. मग उजेडावर थांबले आणि म्हणाले, "राहू दे. तू शे तवलोंग राहू दे." म्हणजे, तू आहेस तोवर. दुपारी ऋतू झोक्यावर बसली आणि भाऊ तिला झोका देत गेममधल्या कुठल्याशा पुलावर कसं चढायचं ते सांगत होते.

दोन दिवसांनी ती पुण्याला परत गेली. संध्याकाळी भिंतीपलीकडून पुन्हा "मागल्या दारानं ये!" सुरू झालं आणि सुनंदानं समाधानानं चहा टाकला. खेळ संपल्यावर भाऊ आमच्याकडे आले. दार उघडायला गेलो तेव्हा त्यांच्या उघड्या दारातून दिसलं, त्यांच्या खोलीत कोणी नव्हतं, तरी कीबोर्ड, डबा, पट्टी, सगळं पेटलेलंच होतं. वहिनी आत पोळ्या लाटत होत्या आणि भिंतीवर रंग पळत होते.

मी चिडवायला म्हटलं, "काय भाऊ, दिवा देवापुढं ना? आता तर विझवायचं बटण पण कळलंय."

"कळलंय," भाऊ म्हणाले. दारातच थांबले. "रोज दाबायला जातो नाना. पण विझवलं की वाटतं, पोरगी आताच गेली."

माझ्या खांद्यावरून भाऊंनी आमच्या खोलीवर नजर फिरवली. सुनंदाच्या मोबाइलचा नवा चार्जर भिंतीला होता आणि त्याचा हिरवा ठिपका चालू होता. भाऊंचा हात खिशाकडे गेला.